बर्फखान्यातले निबंध

"मासे बाहेर काढावे लागतील," असं नेरिसा म्हणाली तेव्हा तेओदीच्या तोंडात भाताचा घास होता. तो त्यानं सावकाश चावला, गिळला, वर कॉफीचा घोट घेतला आणि मग विचारलं, "कोणाचे मासे?"

"थंड खोलीतले. सगळे नकोत, निम्मे काढलेस तरी पुरे. मला जागा हवी आहे."

"कशासाठी?"

"निबंधांसाठी."

बोयेत हसला. तो या दोघांचा धाकटा भाऊ. बोटीवरून सुट्टीवर आला होता आणि वादळात अडकला होता. बाकी कोणी हसलं नाही. चुलीपाशी तेओदीची बायको हर्मी सुके मासे उलटत होती. तिनं मान वर केली नाही, पण चिमटा हवेतच थांबला.

वादळ होऊन गेल्यापासून बारियेन्तोस घरातले सगळे बर्फखान्याच्या वरच्या मजल्यावर राहत होते. नदीनं खालच्या आळीतल्या घरात छातीभर चिखल आणून टाकला होता. नानायची, म्हणजे आईची, खाट तातायच्या, म्हणजे वडिलांच्या, जुन्या टेबलाला लावून ठेवली होती, आणि त्याच टेबलावर सगळ्यांची जेवणं होत. रोहास शहरात वीज नव्हती आणि कधी येईल ते कोणी सांगत नव्हतं. बर्फखान्याच्या दोन थंड खोल्यांपैकी एकीचा कॉम्प्रेसर चिखलात गेला होता. दुसरी जनरेटरवर चालू होती, आणि तिच्यात छतापर्यंत बांगुस मासा रचलेला होता. वादळाची बातमी आली तेव्हा मासे पाळणाऱ्या तळेवाल्यांनी आणि बाजारातल्या बायकांनी घाईघाईनं उपसून आणलेला. नंतर तळ्यांचे बांध फुटले. त्या खोलीत जे होतं तेवढंच आता त्या लोकांचं उरलं होतं.

"ओले कागद वाळवतात," तेओदी म्हणाला. "गोठवत नाहीत. एवढं मलासुद्धा कळतं."

"थोडे असले तर वाळवतात, मनोंग," नेरिसा थोरल्या भावाला म्हणाली. "आमच्याकडे खोलीभर आहेत. चिखलात भिजून एकमेकांना चिकटलेले. उद्या-परवा बुरशी धरेल आणि मग त्यांचा लगदा होईल. गोठवले की बुरशी जागच्या जागी थांबते. मग सावकाश थोडे थोडे काढून वाळवता येतात. वर्ष लागलं तरी बिघडत नाही."

"विद्यापीठाकडे फ्रीज नाही?"

"कुलगुरूंच्या खोलीत आहे. त्यात सोड्याच्या चार बाटल्या मावतात. आणि वीज?"

तेओदीनं ताट बाजूला सरकवलं. नेरिसा त्याच्याहून धाकटी, पण विद्यापीठाच्या दप्तरखान्यात तिचं उभं आयुष्य गेलं होतं आणि तिच्याशी वाद घालायचा तर पोट भरलेलं असावं लागे, हे त्याला ठाऊक होतं.

"मनांगचं बरोबर आहे," बोयेत थोरल्या बहिणीकडे बघत म्हणाला. "मासे काय, पुढच्या मोसमात पुन्हा होतील. तो कागद पुन्हा होणार आहे का? काढ ना, मनोंग. मी येतो उचलायला."

"ये. तुझ्या सासऱ्याच्या क्रेटांपासून सुरुवात कर. दाराशीच आहेत."

बोयेतनं कॉफीच्या पेल्यात पाहिलं. "त्यांचेही आहेत?"

"तीन रांगा."

"मी काय म्हणतो मनांग," बोयेत जरा वेळानं म्हणाला, "पंख्याखाली वाळवून बघितले का?"

"कोणत्या पंख्याखाली, बोयेत? वीज नाही."

"हां. ते एक आहेच."

नेरिसानं त्याचा नाद सोडला. ती तेओदीकडेच बघत राहिली. तिच्या नखांत चिखल होता, ब्लाउजच्या बाह्यांना चिखल होता, आणि दोन दिवसांत तिनं केस विंचरले नव्हते. एरवी इस्त्रीची घडी न मोडता दिवस काढणारी बाई ती.

"ते कसले निबंध आहेत हे तुला माहीत आहे," ती म्हणाली. "विद्यापीठात शिकवणाऱ्या मिस लुदोविकांनी लिहून घेतलेले. महायुद्धाच्या लढाईच्या आधीपासून दरवर्षी नाताळच्या सुट्टीत त्या मुलांना एकच काम देत. घरी जा, आणि तुमच्या गावात जे करतात पण कुठल्याच पुस्तकात नाही, ते आपल्या हातानं आणि आपल्या घरच्या भाषेत लिहून आणा. चाळीस वर्षं, मनोंग. पानाय बेटावरचं एक गाव सुटलेलं नाही. त्यातली निम्मी गावं आता जागेवरसुद्धा नाहीत. हे एवढंच आहे."

"आणि खोलीत जे आहे तेही त्या लोकांचं एवढंच आहे." तेओदीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं हर्मीला वाटलं. "वादळाच्या आदल्या दिवशी त्या बायका दाराशी रांग लावून उभ्या होत्या. मी एकेकीला सांगितलं, तुझा मासा माझ्याकडे आहे तोवर घोर करू नकोस. तातायही असंच सांगायचे. मी शब्द दिलाय, नेरिसा. तो मोडून मी बाजारातून चालू कसा?"

मग नेरिसा जे बोलू नये असं तिनं ठरवलेलं असावं तेच बोलली. "बर्फखाना नानायच्या नावावर आहे."

सगळ्यांच्या नजरा खाटेकडे गेल्या. नानाय पुरिता उशीला टेकून केळ्याचं साल सोलत होती. ऐंशी उलटली होती, पण तिला ऐकू येत नाही असं समजून तिच्यासमोर बोललेले लोक नंतर पस्तावत.

"माझ्या नावावर आहे म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "शब्द माझ्या नावावर नाही. तो यानं दिलाय. मी सही करून याचा शब्द मोडू? तुमच्या भांडणात मला घालू नका." तिनं केळ्याचा तुकडा तोंडात टाकला. "आणि त्या ढिगात माझाही एक निबंध आहे. भिकार आहे. बुडाला तर माझी काही तक्रार नाही."

"भिकार नाही, नानाय. मी वाचलाय."

"कोणाला विचारून वाचलास?"

नेरिसा उठली. तिनं भाताला हात लावला नव्हता. जिन्यावर तिच्या चपला खालपर्यंत वाजत गेल्या. तेओदीनंही टोपी उचलली. जनरेटरला डिझेल कमी होतं आणि बंदरावर एक बोट लागल्याची बातमी होती. जाताना तो हर्मीला म्हणाला, "किल्ली तुझ्यापाशी ठेव. कोणी आलं तर मी आल्यावर बघू."

हर्मीनं किल्ली कमरेला खोवली. मग एका डब्यात भात आणि दोन मासे भरले आणि दवाखान्याकडे बर्फ घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये नेरिसाच्या शेजारी जाऊन बसली.

"तू कशाला?" नेरिसानं विचारलं.

"तुम्ही जेवला नाहीत."

लग्न होऊन हर्मीला या घरात वीस वर्षं होत आली होती. त्याआधी ती बाजारात आईच्या टोपल्यामागे बसायची. शाळा सहावीत सुटली होती. नणंदेशी तिचं भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही कधी झालं नाही. नेरिसाच्या खोलीत पुस्तकं होती आणि हर्मी तिथे फक्त झाडू घेऊन जाई. ट्रक चिखलातून हळूहळू निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक गाद्या, फोटो, कोंबड्यांची खुराडी उन्हात मांडून बसले होते. ऊन मात्र कडक होतं. वादळानंतर पडतं तसं, धुतलेलं.

विद्यापीठाच्या अंगणात मुलं-मुली ओळीनं बसली होती. मध्ये पाण्याच्या परातींची रांग. दप्तरखान्यातून निबंधांचे गठ्ठे येत होते, वर्षावर्षाचे, सुतळीनं बांधलेले. पहिल्या परातीत वरचा चिखल जायचा, दुसरीत उरलेला, तिसरीत गठ्ठा नुसता बुडवून काढायचा. कोणी सुतळी सोडून गठ्ठा उघडत नव्हतं. मुलं बोलतही नव्हती. हर्मीनं बाळंतिणीच्या खोलीत माणसं असं वागताना पाहिली होती, पण कागदापुढे कधी नाही.

नेरिसा खाली बसली आणि तिचे हात कामाला लागले. डबा शेजारी तसाच पडला. हर्मी बघत राहिली. या बाईच्या हातून घरी साधा चहा गाळताना सांडायचा. इथे तेच हात गठ्ठा पाण्यातून असा उचलत होते की पानाचा एक कोपरा दुमडत नव्हता.

"वरचं वाचू का?" हर्मीनं विचारलं.

"दिसतं तेवढं वाच. बोट लावू नकोस."

जुनी तपकिरी शाई पाण्यातूनही ठाम उभी होती. अक्षर मुलीचं असावं, गोल, मान जरा उजवीकडे कललेली. नाव होतं कान्देलारिया, आणि खाली गाव, बायबायचा किनारा. हर्मीची आई त्याच किनाऱ्यावरची. हर्मी एकेक शब्द ओठांत घोळवत वाचू लागली.

"आमच्या किनाऱ्यावर बायका मासे मोजताना आकडे म्हणत नाहीत," त्या मुलीनं लिहिलं होतं. "आकडे म्हटले तर समुद्राला कळतं की आपण हिशेब ठेवतो, आणि मग तोही ठेवू लागतो. म्हणून आम्ही असं म्हणतो. पहिला समुद्राचा, दुसरा नावेचा, तिसरा वाऱ्याचा, चौथा जाळं विणणारीचा, पाचवा चुलीचा, सहावा पोराचा, सातवा शेजारणीचा, आठवा न परतलेल्याचा, नववा संताचा, दहावा आपला. दहावा आपला म्हणताना बायका हसतात. का हसतात ते मी आजीला विचारलं. ती म्हणाली, नऊ देऊन झाल्यावर एक उरतो याचं हसू येतं."

पान तिथेच संपत होतं. हर्मीनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिच्या आईनं आयुष्यभर हेच म्हणत मासे मोजले होते, हर्मीनंही मोजले होते. हे लिहिण्यासारखं आहे, असं कोणाला वाटलं असेल ही गोष्टच तिच्या डोक्यात कधी आली नव्हती. आणि ती मुलगी किती स्वच्छ लिहून गेली होती! कुठे फुशारकी नाही, कुठे लाज नाही. तुमच्या घरी असं नसेल, आमच्या घरी असं आहे, बस.

"आम्ही आठवा म्हणत नाही," हर्मी म्हणाली.

नेरिसाचा हात थांबला. "म्हणजे?"

"सातवा शेजारणीचा, मग नुसतं आठ, मग नववा संताचा. लहानपणी मी आईला विचारलं होतं, आठवा कोणाचा. तिनं कानाखाली वाजवली होती."

"कोणीच नाही म्हणत?"

"बाजारात तरी नाही. मला वाटायचं, मुळातच नसेल."

नेरिसा तिच्याकडे अशी बघू लागली की हर्मीला अवघडल्यासारखं झालं. वीस वर्षांत ही नजर तिच्यावर कधी पडली नव्हती. नेरिसा पुस्तकांकडे अशी बघे.

"हे बघ, हे असं आहे," नेरिसा हळूच म्हणाली. "प्रत्येक गठ्ठ्यात असं आहे. आणि मी ते सकाळी भाताच्या ताटावर नीट सांगूसुद्धा शकले नाही. कुलगुरूंचा फ्रीज काढत बसले." तिनं मनगटानं डोळे पुसले, गालाला चिखल लागला. "मनोंगचं चुकलं नाही. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं."

हर्मीनं डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. "मासे ज्यांचे आहेत त्यांना तुम्ही विचारलंत?"

"मी मनोंगला विचारलं."

"मासे त्याचे नाहीत."

नेरिसानं डबा जवळ ओढला.

"त्यानं शब्द दिलाय तो त्या बायकांना," हर्मी म्हणाली. "परत द्यायचा तर त्याच देतील. नानाय नाही, तुम्ही नाही. जेवा आता. मी येते जाऊन."

मासळी बाजाराचं छप्पर उडालं होतं. बायका उघड्यावर, रिकाम्या फळ्यांवर बसून होत्या. विकायला काही नव्हतं, पण घरी चिखलात बसण्यापेक्षा इथे बरं वाटत होतं. मधोमध तिया सालुद, सगळ्या बाजाराची मावशी, हर्मीच्या आईची मैत्रीण, पंच्याहत्तरीची, गुडघ्यांवर हात टेकून बसलेली. बाजारात कोणतीही गोष्ट तिनं मान डोलावली की ठरायची.

"मालकीणबाई आल्या," ती म्हणाली. "मासा शाबूत आहे ना?"

"आहे. पण मला त्यातला निम्मा बाहेर काढायचाय."

एकदम गलका झाला. हर्मीनं तो होऊ दिला. मग तिनं निबंधांचं सांगितलं, आणि गलका आणखी वाढला.

"कागदासाठी आमचे मासे?" मागून एक तरणी बाई ओरडली. "निबंध तळून खायचे का आम्ही?"

"त्या निबंधात तू आहेस," हर्मी म्हणाली. "मासे कसे मोजतात ते लिहिलंय. बायबायच्याच मुलीनं. लढाईच्या आधी." आणि तिनं म्हणायला सुरुवात केली. बायका नकळत तिच्याबरोबर पुटपुटू लागल्या, पहिला समुद्राचा, दुसरा नावेचा. सातव्यापर्यंत सगळ्यांचा आवाज एक होता. मग त्या नेहमीसारख्या "आठ" म्हणाल्या आणि हर्मी एकटीच म्हणाली, "आठवा न परतलेल्याचा."

तिया सालुदनं डोळे मिटले.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगितलं कोणी नाही, त्या निबंधात लिहिलंय."

"माझी आजी म्हणायची," तिया सालुद म्हणाली. "मी एवढीशी होते. मग एक वादळ आलं. असंच, पण तेव्हा माणसं समुद्रावर होती. आपल्या किनाऱ्यावर एक घर सुटलं नाही. त्यानंतर बायका मोजायला बसल्या की आठव्याला अडायच्या. हात थांबायचा, तोंडातून शब्द निघायचा नाही. शेवटी आजीच म्हणाली, नुसतं आठ म्हणा आणि पुढे चला, नाहीतर मासे नासतील." ती हर्मीकडे वळली. "ते त्या पोरीनं लिहून ठेवलं होतं?"

"आठव्यासकट. आता ते ओल्या गठ्ठ्यात आहे, परवापर्यंत लगदा होईल."

तिया सालुदनं नाक शिंकरलं, झग्याला बोटं पुसली आणि तिचा आवाज पुन्हा बाजारातला झाला. "रडवून झालं असेल तर कामाचं बोल. बाहेर काढलेल्या माशाचं काय करायचं?"

"पिनाकास. चिरायचा, मीठ लावायचा, वाळवायचा. ऊन बघ कसलं पडलंय. बर्फखान्यात मिठाची पोती आहेत, ती माझी. गच्चीवर आणि अंगणात जागा आहे, तीही माझी. वीज नाही, तर ताजा मासा नेऊन लोक ठेवणार कुठे? सुका मात्र दाराशी येऊन नेतील."

"आणि चिरणार कोण? एवढा मासा आम्ही एकट्या चिरत बसलो तर नाताळ येईल."

"आम्ही पण बसू. घरातले सगळे."

"नेरिसा बारियेन्तोस मासा चिरेल?" तरण्या बाईनं विचारलं, आणि सगळा बाजार हसला. वादळानंतर पहिल्यांदाच हसला असावा.

"चिरेल," हर्मी म्हणाली, आणि मनातल्या मनात देवाची करुणा भाकली.

तिया सालुदनं मान डोलावली. काही जणी तरीही तयार झाल्या नाहीत, आणि हर्मीनं त्यांना एका शब्दानं आग्रह केला नाही. त्यांचे क्रेट जिथे आहेत तिथेच राहतील, असं तिनं सांगितलं.

दुपारपर्यंत बर्फखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. थंड खोलीचं दार उघडून हर्मीनं स्वतः क्रेट मोजून ज्याचे त्याला दिले. ओळीनं पाट मांडले गेले. बायका बर्फ सुटलेला बांगुस पाठीकडून उघडत, आतडी काढत, पाण्यातून काढून मिठात घोळवत आणि पोरी तो गच्चीवर नेऊन बांबूच्या चटयांवर पसरत. बोयेतनं दोन मासे चिरले आणि तिसऱ्याला बोट कापलं. त्याला मीठ वाहायला लावलं. नानायला खुर्चीसकट खाली आणलं होतं. ती सुरी मागून बसली आणि असा मासा उघडू लागली की तिया सालुदनंसुद्धा एकदा वळून पाहिलं.

दुसऱ्या बाजूनं विद्यार्थी निबंधांचे गठ्ठे घेऊन येत होते. नेरिसानं बर्फाच्या प्लास्टिकच्या पिशव्या कापून एकेक गठ्ठा गुंडाळला, आणि ते धुतलेल्या मासळीच्या क्रेटांत उभे लावले. सगळे मावणार नव्हते. तिला निवड करावी लागली. ज्यांची शाई विरघळणारी ते आत, पेन्सिलनं लिहिलेले बाहेर, कारण पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. ते गच्चीवर सावलीत सुटे करून वाळवायचे. काही गठ्ठे आधीच हातात फुटले. ते ती कोणाला न दाखवता बाजूला ठेवत होती. मधून मधून ती येऊन पाटावर बसे आणि हर्मीनं दिलेल्या शब्दाप्रमाणे मासा चिरे. फार वाईट चिरे. बायका तिला शिकवत, ती पुन्हा बिघडवी, आणि तिला कोणी हसलं तर तीही हसे.

तेव्हाच डिझेलच्या पिंपांसह तेओदीचा ट्रक फाटकातून आत आला.

तो खाली उतरला आणि तिथेच उभा राहिला. उघडं दार, बाहेर मासे, आत कागद. बोलणं हळूहळू विझलं. हर्मी उठली. हात मिठानं माखलेले होते, तिनं ते झग्याला पुसले.

"किल्ली मी तुझ्यापाशी ठेवली होती," तेओदी म्हणाला.

"हो. दार मी उघडलं."

"कोणाला विचारून?"

"ज्यांचे मासे त्यांना."

"आणि मी?" आता त्याचा आवाज चढला. "सकाळी मी भरल्या घरात काय सांगितलं ते तू ऐकलंस. चुलीपाशीच होतीस. तेव्हा तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस, आणि मी पाठ फिरवल्यावर हे?"

"मनोंग, तिला बोलू नकोस," नेरिसा मध्ये आली. "माझ्यासाठी—"

"तू थांब, नेरिसा. हे माझं आणि हिचं आहे."

"आणि माझंही," तिया सालुद पाटावरून न उठताच म्हणाली. "माझा मासा आहे, तेओदुलो. तू मला काय म्हणाला होतास? तुझा मासा माझ्याकडे आहे तोवर घोर करू नकोस. मी केला नाही. आता मी माझा मासा घेतला. तुझा शब्द पुरा झाला. ज्यांनी घेतला नाही त्यांचा आत आहे, जाऊन मोज." मग पुढचा मासा ओढत ती म्हणाली, "तुझ्या तातायनं एवढंच केलं असतं. घोर केला असता आणि शब्द पाळला असता. तू दोन्ही केलंस."

तेओदी तिच्याकडे बघत राहिला. मग वळून थंड खोलीत शिरला. आत त्याचा आवाज घुमू लागला तशी हर्मी दोन पावलं पुढे झाली. पण तो ओरडत नव्हता.

"हे कोणी रचलं? भिंतीला चिकटवून? वारा कुठून खेळणार? चार बोटं जागा सोडा. खाली फळ्या टाका. हे वरचे क्रेट उतरवा, पंख्यासमोर ठेवलेत, गार वाऱ्यानं कडा करपतील." दोन विद्यार्थी धावत आत गेले. "नेरिसा! याला किती थंड लागतं?"

"जेवढं होईल तेवढं, मनोंग. आणि लवकर. हळूहळू गोठलं तर पाण्याचे खडे मोठे होतात, कागद फाटतो."

"कोळंबीसारखं."

"मला कोळंबीचं माहीत नाही."

"मला माहीत आहे. बोयेत, ते मीठ ठेव आणि डिझेल ओत. आज जनरेटर पूर्ण चालवायचा."

तो बराच वेळ आत होता. बायकांच्या सुऱ्या पुन्हा चालू झाल्या. नेरिसा गठ्ठे गुंडाळायला गेली, पण जाताना ती हर्मीपाशी थांबली. तिनं हर्मीच्या कपाळावर आलेली बट मागे सारली आणि गेली. बटेला मीठ आणि चिखल दोन्ही लागलं.

तेओदी बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर पांढरं हिम होतं. त्यानं जड दार ओढून लावलं, कडी घातली, हातानं एकदा दाबून पाहिलं. मग अंगण ओलांडून तो हर्मीच्या पाटापाशी येऊन उभा राहिला. ती मान खाली घालून मासा उघडत होती.

"मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," तो म्हणाला.

"म्हणून तर विचारलं नाही."

"उद्या लोक म्हणतील, बर्फखाना बायको चालवते."

"म्हणू देत. बाजारात आजच म्हणायला लागलेत. मालकीणबाई म्हणतात."

तो हसला नाही. पण तिथून हललाही नाही. समोरच्या ओळीतल्या बायका माशांकडे बघत असल्यासारखं करत होत्या आणि एकही मासा चिरत नव्हत्या.

"बरं केलंस," तेओदी म्हणाला. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वीस वर्षांत त्यानं तिला हे एकांतातही कधी म्हटलं नव्हतं.

हर्मीला वर बघायचं धाडस झालं नाही. तिनं आतडी बाजूला टाकली, मासा पाण्यात बुडवला, मिठात घोळवला.

तेओदीनं नानायच्या शेजारची एक सुरी उचलली आणि अंगठ्यानं धार पाहिली.

"सरक जरा," तो म्हणाला, आणि पाटाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर तिच्या शेजारी बसून त्यानं क्रेटमधला पहिला मासा ओढून घेतला.